आधी परतीची वाट, मग तंबूची जागा

पाऊस पाठ फिरवतो, तुळशीचे लग्न लागते, पहाटेच्या वाऱ्याला गारवा येतो आणि किनारपट्टीवरील घराघरांत सहलींचे बेत शिजू लागतात. पूर्वी हे बेत देवदर्शनाचे, जत्रेचे किंवा फार तर दूधसागरचे असत. अलीकडे त्यांत एका नव्या बेताची भर पडली आहे. समुद्राकाठच्या सुरूच्या बनात तंबू ठोकावा, लाटांचा आवाज ऐकत रात्र काढावी आणि उजाडल्यावर घरी परतावे, अशी हौस तरुणांना तर आहेच. पण मुलाबाळांसह निघणाऱ्या कुटुंबांनाही ती आता लागली आहे. ह्या हौसेला नाके मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. चार भिंतींत आणि वीतभर पडद्यापुढे वाढणाऱ्या मुलाने एखादी रात्र उघड्या आभाळाखाली काढली, तर त्यात त्याचे कल्याणच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, ह्या मुक्कामाची पूर्वतयारी म्हणून आज जे काही केले जाते, ते तयारी ह्या नावाला शोभणारे नाही.

तंबू कोणाकडून आणायचा, चटया किती घ्यायच्या, कोंबडी कोणी आणायची आणि गाणी कोणती लावायची, ह्यांवर आठवडाभर खल होतो. पण आपण जेथे उतरणार ती जमीन कसली, त्या रात्री भरती किती वाजता आहे, बनाला आग लागली तर कोणत्या वाटेने बाहेर पडायचे आणि आपला कचरा कोठे जाणार, हे प्रश्न कोणी कागदावर मांडीत नाही. सामानाची यादी होते, जागेची चौकशी होत नाही. ही उणीव किरकोळ वाटत असेल, तर ज्या बनात आपण जाणार ते काय आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

सुरूचे बन पाहून कित्येकांना चित्रपटांतून पाहिलेल्या हिमालयातील पाइनच्या अरण्याची आठवण होते. वस्तुतः सुरू हा पाइनच्या कुळातला नाहीच. ज्यांना आपण त्याच्या सुया म्हणतो, त्या बारीक, कांडीदार फांद्या आहेत. खरी पाने त्या कांड्यांच्या पेरांवर जेमतेम दिसणाऱ्या खवल्यांएवढी असतात. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे त्याला हवेतील नायट्रोजन वापरता येतो आणि म्हणूनच जेथे दुसरे झाड तग धरत नाही, अशा निव्वळ वाळूत तो सरळसोट वाढतो. आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातील बेटे हे त्याचे माहेर. आपल्या देशात त्याची पहिली लागवड १८६८ साली कारवारकडे, म्हणजे गोव्याच्या अगदी वेशीवर, सरपणासाठी झाली. १८८३ च्या सुमारास तरुण रवींद्रनाथ टागोर तेथे न्यायाधीश असलेल्या आपल्या वडील बंधूंकडे राहिले होते. सुरू कारवारला आल्याला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. पण अर्धचंद्राकार किनाऱ्याला लागून असलेल्या सुरूच्या बनाचे वर्णन त्यांनी पुढे आपल्या ‘जीवनस्मृती’त केले आहे. पुढे वाळू रोखावी, खारा वारा अडवावा आणि मागच्या शेतांना व माडांना आडोसा मिळावा, म्हणून कोकणात व गोव्यात ठिकठिकाणी सुरूच्या रांगा उभ्या राहिल्या. तेव्हा हे बन म्हणजे आपोआप उगवलेले रान नव्हे, की कोणाच्या करमणुकीसाठी केलेली बाग नव्हे. गावाच्या सीमेवर बसवलेला तो एक राखणदार आहे.

माणसाने लावलेल्या अशा किनारी वनांचे पुढे काय होते, हे पाहायचे असेल, तर ज्या पाइनशी सुरूची गल्लत होते, त्या खऱ्या पाइनच्याच एका किनारी वनाकडे वळावे लागेल. फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील लांद प्रदेशात अठराव्या शतकापर्यंत समुद्राकडून येणाऱ्या वाळूने उच्छाद मांडला होता. सुलाक येथील प्राचीन चर्च ह्या वाळूने गिळले आणि एकोणिसाव्या शतकात ते उकरून काढावे लागले. त्या वाळूला आवर घालण्यासाठी १७८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रेमोंतिए नावाच्या अभियंत्याने किनारी पाइनची लागवड हाती घेतली. पुढे १८५७ साली, तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत, कायदा करून मागच्या दलदलीच्या माळांवरही पाइन लावण्यात आले. आज ते वन सुमारे दहा लाख हेक्टरांचे असून पश्चिम युरोपातील सर्वांत मोठे मानवनिर्मित वन म्हणून ओळखले जाते. त्याच्या सावलीत, समुद्राला लागून, तंबूंच्या वसाहती वसल्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत हजारो कुटुंबे तेथे मुक्कामाला येऊ लागली. आपल्याकडील हौशी मंडळींच्या मनात जे चित्र असते, ते तेथे कित्येक वर्षे प्रत्यक्षात आहे.

परंतु ह्या चित्राला दुसरीही बाजू आहे. १९४९ च्या ऑगस्टमध्ये ह्याच वनात लागलेल्या वणव्याने सुमारे ५० हजार हेक्टर वन जाळले आणि ८२ माणसांचे प्राण घेतले. त्यानंतर तेथे पहारे, रस्ते, अग्निशामक दले अशी जय्यत व्यवस्था उभी राहिली. तरीही १२ जुलै २०२२ रोजी ला तेस्त-द-ब्युश येथे रस्त्यावरील एका बिघडलेल्या वाहनाला लागलेली आग वनात शिरली आणि बघता बघता सुमारे सात हजार हेक्टरांवर पसरली. शंभर मीटरांहून उंच असलेल्या पिला येथील प्रसिद्ध वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी तंबूंच्या पाच वसाहती होत्या. त्या जवळजवळ संपूर्ण भस्मसात झाल्या. पण आग तेथे पोहोचण्याआधी, त्या रात्रीच सुमारे सहा हजार लोकांना झोपेतून उठवून बाहेर काढण्यात आले होते आणि म्हणून त्या वसाहतींत एकही माणूस दगावला नाही. तंबू गेले, गाड्या गेल्या, माणसे वाचली. कारण माणसे किती आहेत, कोठे आहेत आणि कोणत्या रस्त्याने निघतील, हे कोणालातरी ठाऊक होते.

आमच्याकडील सुरूची बने चिंचोळी आहेत, आमच्या समुद्रावरचा वारा दमट आहे, तेव्हा तिकडच्या वणव्याची भीती येथे कशाला, असे कोणी विचारील. प्रमाणाचा फरक आम्हांला मान्य आहे. पण सुरूखाली पडणारा पाचोळा हातभर उंचीचा, सुटा आणि चैत्रापर्यंत कडकडीत वाळलेला असतो. सुरूचे लाकूड उत्तम सरपणांपैकी एक आहे. ते ओलेही पेटते. सरपणासाठी आणलेल्या झाडाखाली शेकोटी पेटवायची आणि ते पेटणार नाही अशी आशा धरायची, ह्याला धाडस म्हणता येणार नाही. आग आपल्याकडे येतच नाही, असे म्हणण्याचे दिवसही सरले आहेत. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि गोव्यातील इतर डोंगरी वनांत ठिकठिकाणी आगी लागल्या, तेव्हा त्या विझवण्यास नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली होती. शिवाय किनाऱ्यावरची शेकोटी विझवण्याची आपली रीतही घातक आहे. निखाऱ्यांवर वाळू लोटली की विस्तव विझला असे आपण मानतो. प्रत्यक्षात वाळूखाली तो तासन् तास धगधगत राहतो आणि सकाळी अनवाणी धावत येणाऱ्या एखाद्या पोराचे तळवे भाजून काढतो. विस्तव विझवावा पाण्याने. आणि बनात तर तो पेटवूच नये.

हा केवळ आमचा उपदेश नव्हे. गोव्यात पर्यटनस्थळांच्या संरक्षणाच्या कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिने किनाऱ्यांसारख्या ठिकाणी उघड्यावर स्वयंपाक करण्यास आणि मद्यपान करण्यास मनाई केली असून त्यासाठी दंड ठरवला आहे. तेव्हा ज्या सहलीच्या बेतात चूल आणि बाटली ह्यांचाच विचार आधी होतो, तो बेत कायद्यातही बसत नाही. ह्यात अडचण ती कसली? आपल्या आया-आज्या रेल्वेच्या दोन दिवसांच्या प्रवासाला निघत, तेव्हा डब्यात चूल पेटवीत नसत. तिखटमिठाच्या पुऱ्या, सुकी भाजी, चटणी आणि लाडू एवढ्यावर सगळा प्रवास आनंदात होई. एका रात्रीच्या मुक्कामाला तेवढे पुरेसे आहे. गरम जेवणच हवे असेल, तर जवळच्या वाड्यावरील एखाद्या घरी आधी सांगून ठेवावे. पाहुण्यांना ताजी मासळी मिळेल आणि त्या घरात चार पैसे जातील.

आता जागेचा विचार. भरतीची रेषा वाळूवर दिसते, पण ती त्या दिवसाची असते, हे नवखा विसरतो. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या आसपास उधाणाची भरती असते आणि आपल्या किनाऱ्यावर ओहोटी-भरतीतील फरक तेव्हा सुमारे दोन मीटरांवर जातो. अष्टमी-नवमीच्या भांगाला आखलेली जागा पौर्णिमेला पाण्यात जाते. कोकणातील जुन्या माणसांजवळ ह्यासाठी एक ठोकताळा आहे. पक्षातील तिथीला तीनने गुणावे आणि चाराने भागावे, म्हणजे भरतीची वेळ अदमासाने मिळते. पंचमीला पावणेचार, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसातून दोनदा हे चक्र फिरते. ज्या पालकाला पंचांगातील तिथी पाहता येते, त्याने मुलांना हा हिशेब शिकवावा. सहलीची तयारी घरातच सुरू होते, ती अशी. मग त्या रेषेच्या बरेच वर आणि मोठ्या झाडांपासून दूर, अशी जागा धरावी. माडाखाली निजू नये, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. पण सुरूखालीही निर्धास्त निजू नये, हे सांगावे लागते. वाळूत त्याची मुळे खोल धरीत नाहीत. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दिवेआगरच्या बाजूची सुरूची झाडे कशी आडवी केली आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने गोव्यात किती झाडे उन्मळून टाकली, हे आपण पाहिले आहे. वारा चढला की तंबू गुंडाळावा. त्यात कमीपणा नाही.

वाळूच्या टेकड्यांवर तर तंबू ठोकूच नये. मर्यादवेलीने आणि गवताने धरून ठेवलेल्या ह्या टेकड्या लाटांविरुद्धची पहिली भिंत आहेत. एकदा वेल तुडवली गेली की वाळू सुटते, आणि एकदा सुटलेली वाळू कोणाच्या सांगण्याने थांबत नाही. किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेने वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा अतिसंवेदनशील गणल्या आहेत, त्या उगाच नव्हेत. येथे सुरूचाही एक दोष सांगितला पाहिजे. अगदी पाण्यापर्यंत लावलेला सुरू मर्यादवेलीला वाढू देत नाही आणि कासवांना अंडी घालण्यास लागणारी मोकळी वाळूही व्यापतो. राखणदाराचीही जागा ठरलेली असावी लागते. तो वेशीवर असावा, उंबऱ्यात नव्हे.

कासवांचा प्रश्न ह्या सगळ्याच्या मुळाशी आहे. गोव्यातील मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग ह्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची मादी अंडी घालण्यास येते. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि ती सुमारे पन्नास दिवसांनी फुटतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ह्या कासवाला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. ते येते नोव्हेंबर ते मार्च ह्या काळात, आणि पिल्ले बाहेर पडतात मेपर्यंत. म्हणजे आपल्या सहलींचे महिने तेच तिच्या बाळंतपणाचे महिने! रात्रीच्या अंधारात ती किनाऱ्यावर चढते. दिवे, गोंगाट आणि माणसांची वर्दळ दिसली की अंडी न घालताच परत फिरते. पिल्ले तर उजेडाच्या दिशेने धावतात. काळोख्या किनाऱ्यावर उजळ दिसतो तो समुद्र, म्हणून ती पाण्याकडे जातात. मागे तंबूचे दिवे असतील, तर ती तंबूकडे येतात आणि उजाडल्यावर कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी पडतात. ज्या मुलांना निसर्ग दाखवण्यासाठी आपण एवढ्या दूर आणले, त्यांच्याच कंदिलाने निसर्गाचा असा घात व्हावा, ह्यापरते दुर्दैव कोणते? म्हणून ह्या किनाऱ्यांवर विणीच्या काळात तंबू नकोतच. इतरत्रही दिवा लावायचा तर मंद, जमिनीकडे वळवलेला आणि तंबूच्या आत.

पाणी आणि घाण ह्यांचा प्रश्न बोलायला अवघड, पण टाळून चालणार नाही. किनाऱ्यावरच्या गावांतील विहिरींना गोडे पाणी लागते, ते वाळूत मुरलेल्या पावसाचे. खारट पाण्यावर तरंगणारा तो एक पातळ थर आहे. वर वाळूत जे जाईल ते खाली विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. वीसपंचवीस माणसांनी एका बनाचा आडोसा दर आठवड्यास शौचासाठी वापरला, तर त्याचे फळ मागच्या वाड्यावरील लेकरे भोगतात. जेथे बांधलेले शौचालय चालत जाण्याच्या अंतरावर नाही, ती जागा मुक्कामाची नव्हे. कचऱ्याचेही तेच. नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी, फुटलेली बाटली आधी आणावी.

ह्या सगळ्यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींच्या मते किनाऱ्यावरील मुक्काम सरसकट बंद करावा. काही म्हणतात, पर्यटनावर पोट असलेल्या प्रदेशाने असले नियम करून गिऱ्हाईक घालवू नये. पहिले मत आम्हांला पटत नाही. ज्या पिढीला किनाऱ्यावर एक रात्रही काढता येणार नाही, ती तो किनारा वाचवायला उद्या कशाच्या बळावर पुढे येईल? दुसरे मत तर आत्मघातकीच आहे. वाळूची टेकडी, कासव आणि गोड विहीर गेल्यावर गिऱ्हाईक तरी कशाला येणार? शिवाय दोन्ही पक्ष गावाला विसरतात. पहाटे तांबडे फुटण्यापूर्वी ज्या वाळूवर रापणकार जाळे ओढायला उतरतात, ती वाळू रिकामी नसते. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे. तंबूच्या दोऱ्यांत पाय अडकून एखादा म्हातारा रापणकार पडला, तर त्याची माफी कोण मागणार?

म्हणून आमची सूचना अशी. पंचायती, वनखाते आणि पर्यटनखाते ह्यांनी मिळून प्रत्येक किनारी तालुक्यात मुक्कामाच्या दोन-तीन जागा ठरवून द्याव्यात. त्या टेकड्यांच्या मागे, शौचालय आणि पाणी असलेल्या, आणि बाहेर पडण्यास दोन वाटा असलेल्या असाव्यात. तंबूंची संख्या ठरलेली असावी. उतरणाऱ्यांची नावे एका वहीत लिहिली जावीत, म्हणजे रात्री हाक मारायची वेळ आली तर किती जणांना मारायची, हे ठाऊक असेल. देखरेख गावातल्याच माणसाकडे असावी आणि त्याचे वेतन मुक्काम करणाऱ्यांच्या शुल्कातून निघावे. अनामत घ्यावी, आणि कचऱ्याची पिशवी दाखवल्यावर ती परत करावी. ह्याला कोट्यवधींचा प्रकल्प नको, परगावचा सल्लागार नको. एक वही, एक राखणदार आणि नियम सर्वांना सारखे लावण्याची इच्छा, एवढे पुरे. ह्यांपैकी शेवटची वस्तूच आपल्याकडे दुर्मिळ आहे, हे आम्ही जाणून आहोत.

पण सरकारची वाट पाहत बसण्याचे वाचकांना कारण नाही. झाडाखाली जाऊन जेवण्याची रीत आपल्याला नवी नाही. कार्तिकात आवळीभोजनाला निघणारी आपली माणसे आधी झाडाची पूजा करीत, मग पाने मांडीत. ती पाने पत्रावळीची असत आणि मातीत मिळून जात. जागा ठरलेली असे, दिवस ठरलेला असे आणि दिवेलागणीआधी परतायचे, हेही ठरलेले असे. ती पूर्वतयारीच होती; तिला आपण केवळ धर्माचार समजलो. ह्या वर्षी जे कोणी सुरूच्या बनात जातील, त्यांनी निघण्यापूर्वी मुलांना जवळ बसवून एक कागद घ्यावा. त्यावर आधी परतीची वाट काढावी, मग भरतीची वेळ लिहावी, मग गावातील ज्या माणसाला विचारायचे त्याचे नाव, आणि सर्वांत शेवटी सामान. राखणदाराच्या हद्दीत शिरताना आपले वाडवडील वहाणा काढून हातात घेत. आपण निदान उंबऱ्याशी थांबून विचारावे, की आत येऊ का?